लॅपटॉपची हार्ड डिस्क आवाज करू लागल्यास काय करावे

आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कच्या बाबतीत कामाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा असतो. आधी गरजेच्या फाइली दुसरीकडे घ्यायच्या, मग आवाज नेमका कशाचा आहे ते शोधायचे आणि दुरुस्ती किंवा बदल यांचा विचार त्यानंतर करायचा. सांगली-मिरजेत दुरुस्तीला येणारे बरेच लॅपटॉप हा क्रम उलटा होऊन आलेले असतात. ओळखीच्या कोणीतरी आधी फॉरमॅट मारून पाहिलेले असते, नंतर डिस्क 'रिपेअर' करणारा एखादा प्रोग्राम रात्रभर चालवलेला असतो, आणि "बाकी जाऊ दे, टॅलीचा डाटा तेवढा मिळाला पाहिजे" हे वाक्य सर्वांत शेवटी येते. तोवर डिस्कमध्ये उरलेली धुगधुगी त्या खटपटीत खर्च झालेली असते.

हा लेख चकत्या फिरणाऱ्या २.५ इंची हार्ड डिस्कविषयी आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते आणि तिच्यात फिरणारा भागच नसतो. पण पतसंस्था, मार्केट यार्डातील अडत दुकाने, शाळा आणि डीटीपीची केंद्रे येथे जुने लॅपटॉप अजून रोज चालतात आणि त्यांत फिरणाऱ्या डिस्क असतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे हे माहीत नसेल तर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' या भागात 'डिस्क' निवडावे. अलीकडच्या विंडोजमध्ये तेथे एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले दिसते. एकटी एसएसडी असेल तर आवाज पंख्याचा किंवा मदरबोर्डवरील कॉइलचा समजावा आणि डिस्कची चिंता सोडून द्यावी.

डिस्क आवाज का करते

लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. काही ७२०० फेऱ्यांच्या असतात. चकतीवरून माहिती वाचणारे हेड चकतीला टेकत नाही, ते काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. काम नसेल तेव्हा ते चकतीच्या कडेबाहेर असलेल्या प्लॅस्टिकच्या उतारावर जाऊन बसते. एवढी रचना लक्षात घेतली तर नेहमीचे आवाज ओळखता येतात: सुरू होताना चढत जाणारा 'सूं' आवाज, फाइली उघडताना होणारी बारीक खरखर, आणि थोडा वेळ काम थांबल्यावर हेड उतारावर चढताना होणारा एक हलका 'टक्'. हे तीनही आवाज निरोगी डिस्कचेच आहेत. लक्ष द्यायचे ते नेहमीच्या आवाजात पडलेल्या फरकाकडे. दोन वर्षे खरखरणारी डिस्क आजही तशीच खरखरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. एरवी शांत असणारी डिस्क कालपासून शीळ घालत असेल तर आहे.

पहिले काम: कॉपी

डिस्क घासल्यासारखा आवाज करत असेल, किंवा एका लयीत मोठ्याने टकटक करत असेल आणि विंडोज सुरूच होत नसेल, तर लॅपटॉप ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. अशा डिस्कला विजेचा प्रत्येक मिनिट महाग पडतो. तिचे पुढे काय करायचे ते खाली सांगितले आहे.

डिस्क आवाज करत असूनही फोल्डर उघडत असतील तर एक्स्टर्नल डिस्क किंवा पुरेसा मोठा पेनड्राइव्ह जोडून लगेच कॉपी सुरू करावी. अख्खा सी ड्राइव्ह एकदम ओढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण विंडोजच्या हजारो निरुपयोगी फाइलींवर डिस्क दमते आणि नेमकी हवी ती फाइल शेवटी राहते. परत मिळणार नाहीत अशा आणि आकाराने लहान असलेल्या फाइली आधी घ्याव्यात: हिशेब, पत्रव्यवहार, निकालपत्रके, सभासदांच्या याद्या. फोटो आणि व्हिडिओ त्यानंतर. लग्नाचा चाळीस जीबीचा व्हिडिओ आधी लावला आणि मध्येच डिस्क बसली, तर हिशेबही गेला आणि व्हिडिओही अर्धाच राहिला.

टॅली वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डाटा कोणत्या ठिकाणी आहे तो मार्ग दिसतो. त्या ठिकाणी गेल्यावर कंपनीच्या नावाचे फोल्डर सापडत नाही. तेथे १०००० किंवा १००००१ अशा पाच-सहा आकडी क्रमांकाची फोल्डर असतात आणि त्यांतच सगळा हिशेब असतो. घाईत माणसे नाव शोधतात, नाव दिसत नाही म्हणून पुढे जातात आणि टॅलीचा प्रोग्राम तेवढा कॉपी करून घेतात. डीटीपी करणाऱ्यांनी मजकुराच्या फाइलींसोबत फॉन्टही घ्यावेत, कारण जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडली तर वाचता येत नाही. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन फोल्डर विसरू नयेत. खरे काम बहुतेकांचे तेथेच पडलेले असते.

कॉपी करताना एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जावे, तिच्यापाशी हटून बसू नये. 'कट' कधीही करू नये, फक्त 'कॉपी' करावे. झाल्यावर ती एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नावे दिसणे म्हणजे फाइल शाबूत असणे नव्हे.

आवाज डिस्कचाच आहे का

'डिस्क खरखरते' म्हणून आलेल्या लॅपटॉपमध्ये दोष पंख्याचा निघणे हा नेहमीचा अनुभव आहे. मार्केट यार्डाच्या बाजूला तर हे फार दिसते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीची उलाढाल तेथे होते आणि तिची बारीक धूळ अडत दुकानांतील प्रत्येक यंत्रात शिरते. पंख्याचे झाकण उघडले की पात्यांच्या कडांवर पिवळट, किंचित चिकट थर बसलेला दिसतो. तो सगळ्या पात्यांवर सारखा नसतो, त्यामुळे पंख्याचा तोल जातो आणि तो घरघरू लागतो. हा आवाज लॅपटॉप तापला की वाढतो, बाजूच्या जाळीतून गरम हवा येत असताना येतो, आणि हवा थांबली की थांबतो.

खात्री करण्यासाठी लॅपटॉप सुरू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी जे बटण त्या कंपनीचे असेल ते दाबून बायोसच्या (विंडोजआधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर थांबावे. तेथे विंडोज चालत नसल्यामुळे डिस्क नुसती फिरते, लिहित-वाचत नाही. खरखर तेथेही तशीच चालू असेल तर संशय पंख्यावर जातो; विंडोज सुरू होताच खरखर येत असेल तर डिस्कवर. कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरे लॅपटॉपच्या तळाशी फिरवत नेले तर आवाजाची जागा बऱ्यापैकी नेमकी सापडते. डीव्हीडीच्या खणात एखादी डिस्क विसरलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे. सुरू होताना येणारा मोठा घर्र आवाज पुष्कळदा तिचाच असतो. निर्णायक चाचणी हवी असेल तर हार्ड डिस्क काढून ठेवून लॅपटॉप बायोसपर्यंत सुरू करावा. तरीही आवाज आला तर डिस्क निर्दोष ठरते.

कोणता आवाज काय सांगतो

काम करत नसतानाही चालू राहणारी बारीक खरखर बहुधा विंडोजची स्वतःची कामे दाखवते: व्हायरस तपासणी, अपडेट, शोधसूची तयार करणे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बराच वेळ १०० टक्क्यांवर दिसत असेल तर कोणता प्रोग्राम तिला पळवतो आहे ते तेथेच कळते. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये जागा कमी पडल्यामुळे विंडोज सतत डिस्कवर लिहिते-वाचते, आणि तेथे रॅम वाढवली की आवाजही कमी होतो. १ टीबी आणि त्यापुढच्या बऱ्याच २.५ इंची डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मोठी कॉपी संपल्यानंतरही अशी डिस्क आतल्या आत मांडणी लावत बराच वेळ कुरकुरते. तो दोष नव्हे.

दर काही सेकंदांनी येणारा एकच हलका 'टक्', आणि लॅपटॉप मात्र व्यवस्थित चालतो आहे, असे असेल तर हेड वारंवार उतारावर जाऊन बसते आहे. वीज वाचवण्यासाठी कंपनीने ही सवय घातलेली असते. बऱ्याच डिस्कसाठी अशा ६ लाख फेऱ्यांची मर्यादा सांगितलेली असते. दर दहा सेकंदांनी एक टक् झाला तर तासाला ३६०, आठ तासांच्या दिवसाला २,८८०, म्हणजे ती मर्यादा सुमारे २०८ दिवसांत गाठली जाते. प्रत्यक्षात इतक्या नियमाने टक् होत नाही, पण आकडा लाखांत गेलेल्या डिस्क अनेक सापडतात. डिस्कची हेल्थ दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामच्या 'फंक्शन' मेनूत 'ॲडव्हान्स्ड फीचर' खाली एपीएमचे, म्हणजे डिस्कच्या वीजबचतीचे, नियंत्रण असते. तेथील मूल्य २५४ जवळ नेले की हेड कमी वेळा बसते. मात्र मग चालू लॅपटॉप उचलून इकडेतिकडे नेऊ नये, कारण हेड चकतीवर असण्याचा काळ वाढतो. एसटीत किंवा गाडीत मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करताना टक्-टक् ऐकू येत असेल तर तो वेगळा प्रकार आहे: काही लॅपटॉपमध्ये धक्का ओळखणारा सेन्सर असतो आणि खड्डा आला की तो हेड सुरक्षित जागी पाठवतो.

आपल्याकडे आणखी एक टक् ऐकू येतो. बॅटरी कधीच निकामी झालेली आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालणारा, अशी जोडी कार्यालयांतून सर्रास दिसते. लाईट गेली की डिस्कची वीज एका क्षणात तुटते आणि हेडला उरल्यासुरल्या शक्तीवर झटक्याने मागे जावे लागते. हा टक् नेहमीपेक्षा मोठा असतो. असे रोज होत असेल तर डिस्कवर खर्च करण्याआधी बॅटरी बदलावी.

हलकी गुरगुर, जी लॅपटॉपच्या पृष्ठभागावर तळहात दाबताच थांबते, ती सैल स्क्रूची असते. सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली असेल तर हमखास कोणीतरी डिस्कच्या चौकटीचे चारपैकी दोनच स्क्रू लावलेले असतात किंवा कडेचे रबर परत बसवलेले नसते.

यापुढचे आवाज गंभीर आहेत. दिवसेंदिवस चढत जाणारी शीळ किंवा घरघर म्हणजे मोटारीचे बेअरिंग झिजते आहे. डिस्क काही आठवडे चालेलही, पण तिच्या भरवशावर राहू नये. एका लयीत टकटक, मग क्षणभर शांतता, पुन्हा टकटक, याचा अर्थ हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा सुरुवातीला जाऊन प्रयत्न करते आहे. डिस्कमधूनच येणारा बारीक बीप किंवा गुणगुण, आणि फिरण्याचा आवाज अजिबात नाही, म्हणजे मोटार जोर लावते आहे पण चकती अडकली आहे. घासल्याचा आवाज म्हणजे हेड चकतीला टेकले आहे आणि माहितीचा थर खरवडला जातो आहे.

डिस्कची हेल्थ वाचणे

फाइली सुरक्षित झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडावा. निळी, पिवळी किंवा लाल खूण पाहून समाधान मानू नये, खालची यादी वाचावी. तेथील आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात. मेनूतून ते दहाच्या पद्धतीत करून घेतले की नेहमीचे आकडे दिसतात. ०५ या ओळीत बाद झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरची (डिस्कवर माहिती ठेवणाऱ्या छोट्या कप्प्यांची) संख्या असते, सी५ मध्ये वाचता न आल्यामुळे अनिर्णित राहिलेल्यांची आणि सी६ मध्ये दुरुस्त न होणाऱ्यांची. या तिन्हींत शून्य असावे. ०५ मध्ये जुने पाच-दहा असतील आणि महिनाभर तेवढेच राहिले तर डिस्क दुय्यम कामाला चालेल. सी५ मधला आकडा दोन दिवसांत वाढला तर माझ्या मते चर्चा संपली, डिस्क बदलावी. ०ए या ओळीत फिरण्याचे फसलेले प्रयत्न मोजलेले असतात, सी१ मध्ये हेड उतारावर बसण्याची संख्या आणि सी० मध्ये वीज अचानक गेल्याने झालेल्या माघारी. सी७ मधला मोठा आकडा मात्र दिलासा देणारा असतो, कारण तो बहुधा केबलचा किंवा सैल जोडणीचा दोष दाखवतो आणि जोडणी नीट केल्यावर वाढायचा थांबतो.

सगळे शून्य असूनही आवाज बदललेला असेल तर कानावर विश्वास ठेवावा. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही उमटलेला नव्हता. बेअरिंगची शीळ तर या यादीत सहसा दिसतच नाही.

या टप्प्यावर चेकडिस्क (डिस्कमधील चुका शोधून दुरुस्त करणारे विंडोजचे साधन) किंवा डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणारे साधन) चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. फाइली बाहेर काढलेल्या नसतील तर तो मानू नये. चेकडिस्क अख्खी डिस्क तासन्तास वाचायला लावते आणि न जुळणाऱ्या फाइलींच्या नोंदी स्वतःच्या मतीने बदलते. दुखऱ्या डिस्कवर हे दोन्ही घातक ठरते.

उघडून पाहणे

लॅपटॉप पूर्ण बंद करून अडॅप्टर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर काढावी, आतली असेल तर तळ उघडल्यावर आधी तिची जोडणी सोडवावी. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. स्क्रू कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या त्या जागी टोचून ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डपर्यंत घुसतो. डिस्क चौकटीसह सरकवून बाहेर घ्यावी, जोडणीच्या पट्ट्या पाहाव्यात, काळपटपणा असल्यास कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. कधी कधी एवढ्यानेच टकटक थांबते.

डिस्कचे स्वतःचे झाकण मात्र कधीही उघडू नये. हेड आणि चकतीमधल्या अंतरापुढे धुळीचा साधा कणही डोंगराएवढा असतो. अनेक डिस्कवर हवेसाठी एक बारीक छिद्र असते आणि ते झाकू नये अशी सूचना छापलेली असते. त्यावर दुकानाचे स्टिकर चिकटवलेले असेल तर काढावे, आणि ब्लोअरची हवा त्या छिद्रात मारू नये.

काढलेली डिस्क यूएसबी केसिंगमध्ये लावून टकटक करते आणि लॅपटॉपमध्ये करत नव्हती, असे झाले तर दोष विजेचा असू शकतो. यूएसबी २ च्या जागेतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर मिळतात, आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून अधिक मागते. आखूड केबल आणि यूएसबी ३ ची जागा वापरून पुन्हा पाहावे.

अर्धवट चालणाऱ्या डिस्कमधून माहिती काढणे

विंडोजमध्ये कॉपी सतत अडत असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड भाग मागे ठेवते आणि कोठवर आलो याची नोंद एका फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे मध्ये थांबून डिस्क थंड होऊ देता येते आणि पुन्हा तेथूनच पुढे जाता येते. ज्या डिस्कवर उतरवायचे ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी. कोणती मूळ आणि कोणती नवी हे दोन्हींच्या लेबलवरील सीरियल क्रमांकावरून दोनदा तपासावे. दिशा चुकली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कोणताही उपाय उरत नाही.

लयीत टकटक करणारी, बीप करणारी किंवा घासणारी डिस्क घरी किंवा साध्या दुकानात सुटत नाही. तिच्यासाठी धूळमुक्त खोली असलेल्या, पुण्या-मुंबईतील माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळाच लागतात आणि त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो. तो करायचा की नाही हे त्या डिस्कवर काय आहे यावर ठरवावे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा टेबलावर आपटणे हे प्रकार करू नयेत. फ्रीजरमधून बाहेर आलेल्या डिस्कच्या चकतीवर दव धरते. कृष्णेच्या पुरात भिजलेल्या डिस्कबाबत, जशा २०१९ मध्ये सांगलीत पुष्कळ निघाल्या, नियम वेगळा आहे: ती उन्हात वाळवू नये आणि सुरू तर मुळीच करू नये, कारण वाळलेला गाळ चकतीला धरून बसतो. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे न्यावी.

बदल करताना

बदलायची वेळ आली तर पुन्हा फिरणारी डिस्क घेण्यात अर्थ नाही, २.५ इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल तर एसएसडी सहसा ७ मिलिमीटरची असल्यामुळे सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावावी, नाहीतर ती हलते. जुनी चौकट आणि रबर नव्या एसएसडीला बसवायचे विसरू नये.

जुनी डिस्क सुस्थितीत असेल तर क्लोनझिला या प्रोग्रामने आहे तसे सगळे नव्यावर उतरवता येते. सी५ मध्ये आकडा असेल तर क्लोन न करता विंडोज नव्याने टाकून फाइली परत घेणे मी पसंत करतो, कारण बिघडलेल्या सेक्टरमधल्या मोडक्या फाइलीही क्लोनबरोबर येतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने कोणती विंडोज टाकायची याचा विचार याच वेळी करावा. काम सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्यावी. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते आणि ते खाते कोणी, कोणत्या मोबाइल क्रमांकावर काढले होते हे कोणालाच आठवत नाही.

काढलेल्या डिस्कची वॉरंटी शिल्लक असेल तर एक गोष्ट आधी ठरवावी लागते. बदली देताना कंपनी जुनी डिस्क सहसा परत करत नाही, त्यामुळे तिच्यावरचा मजकूरही जातो. डिस्क चालत असेल तर पाठवण्यापूर्वी ती पूर्ण पुसावी. चालत नसेल आणि तिच्यावर पतसंस्थेच्या सभासदांची खाती, आधारच्या प्रती किंवा अशिलांची विवरणपत्रे असतील, तर वॉरंटीवर पाणी सोडून चकत्यांना ड्रिलने आरपार भोके पाडून घ्यावीत आणि मगच ती ई-कचऱ्यात द्यावी.